आवाज कुणाचा? : जुन्या ट्रकच्या सायलेन्सरचा इतिहास

१/
अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वीचा पिकअप ट्रक, समजा १९७२ चा शेव्हरोले सी-१० किंवा फोर्ड एफ-१००, निगुतीने जपणारे आणि रोज चालवणारे लोक पुष्कळ आहेत. इंजिन दुरुस्त झाले, गंज काढून रंग दिला, की शेवटी प्रश्न उरतो एक्झॉस्टचा. नळी एक की दोन? मफलर कोणता? आणि महामार्गावर तासन्‌तास कान बधिर होऊ नयेत म्हणून आवाज उतरवायचा कसा? प्रश्न गॅरेजमधला वाटतो. पण सुट्या भागांच्या दुकानात जे पर्याय त्या मालकापुढे मांडले जातात, त्यांतला प्रत्येक पर्याय वेगवेगळ्या काळात जन्मला आहे आणि त्या त्या काळी आवाजावरून झालेल्या भांडणाची खूण अंगावर वागवतो आहे. आजच्या धाग्यात हे थर एकेक करून पाहू.

२/
आधी शब्द. आपण ‘सायलेन्सर’ म्हणतो, कारण आपल्याकडे मोटार ब्रिटिश इंग्रजीचे बोट धरून आली. अमेरिकन लोक त्याच वस्तूला ‘मफलर’ म्हणतात. आपण मफलर गळ्याभोवती गुंडाळतो. मुळातली कल्पना एकच, गुंडाळून दाबणे. मराठीने मात्र याहून मजेदार गोष्ट केली. दुचाकीला तिने थेट तिच्या एक्झॉस्टच्या आवाजावरूनच ‘फटफटी’ हे नाव दिले. वाहन दिसण्याआधी ऐकू येत असे, याचा हा भाषेत उरलेला पुरावा आहे.

३/
हा ‘फट्’ येतो कुठून? सिलिंडरमधील स्फोट संपला तरी आतल्या वायूवरचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त असतो. एक्झॉस्टची झडप उघडताच तो वायू नळीत मुसंडी मारतो आणि दाबाची एक लाट पुढे धावते. चार फेऱ्यांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन आवर्तनांत एकदा पेटतो. म्हणजे आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनात दर आवर्तनाला चार स्फोट. मिनिटाला १८०० आवर्तने असतील, तर सेकंदाला १२० लाटा. फटफटीत त्या सुट्या सुट्या ऐकू येतात. व्ही-८ मध्ये त्यांची सलग गुरगुर होते.

४/
ही लाट शमवण्याच्या रीती मुख्यतः तीन. पहिली, नळीला मध्येच रुंद कोठडी जोडायची. वायू फुगतो, लाटा भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकींना खातात. दुसरी, सच्छिद्र नळीभोवती लोकर भरायची. लाटेची ऊर्जा तंतूंच्या घर्षणात जिरते. तिसरी, ठरावीक सुरालाच प्रतिसाद देणारी पोकळी बाजूला जोडायची आणि तेवढाच सूर गिळायचा. अशा पोकळीचा शास्त्रीय विचार जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८६३ च्या आपल्या ध्वनिविषयक ग्रंथात मांडला होता. तेव्हा मोटारगाडी अस्तित्वातही नव्हती. शांततेचे ज्ञान वाहनाच्या आधीचे आहे, हे लक्षात असू द्यावे.

५/
आता स्थळ: इंडियाना राज्यातले कोलंबस हे छोटे शहर. तिथल्या मिल्टन रीव्ह्ज याने करवतीच्या गिरणीतील यंत्रांचा वेग कमीजास्त करण्यासाठी पट्टे आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली होती. पुढे ती बसवून त्याने स्वतःची मोटारगाडी तयार केली. गाडी इतकी गोंगाट करी की रस्त्यावरचे घोडे बुजण्याची चिंता होती. त्या काळी रस्ता घोड्यांचा होता आणि मोटार ही आगंतुक. मिल्टन आणि त्याचा भाऊ मार्शल यांना ११ मे १८९७ रोजी मफलरचे अमेरिकन पेटंट मिळाले. मोटारीचा मफलर जन्मला तो अशा रीतीने, रस्त्यावरच्या इतरांची सोय पाहण्यासाठी.

६/
पण दहा वर्षांत पारडे फिरले. मोटारी वाढल्या आणि चालकांत एक समजूत घट्ट झाली: मफलर वायूला अडवतो, म्हणून इंजिनाची ताकद खातो. त्यावर उपाय म्हणून आला ‘कटआउट’. मफलरच्या आधी नळीला एक झडप. पायाखालचा खटका दाबला की झडप उघडे आणि वायू मफलरला वळसा घालून थेट बाहेर पडे. चढावर, शर्यतीत आणि अर्थातच लोकांचे लक्ष वेधण्यासाठी ती उघडली जाई. अनेक अमेरिकन शहरांनी कटआउटवर बंदी घातली. तरी ती वस्तू नामशेष झाली नाही. आज बटणावर चालणारा विजेचा कटआउट दुकानात मिळतो. जुन्या ट्रकच्या मालकापुढचा हा सर्वांत जुना थर.

७/
त्या समजुतीत तथ्य किती? सुरुवातीचे अनेक मफलर अरुंद आणि अडथळ्यांनी भरलेले होते. त्यांत ताकद वाया जाई, हे खरे. पण तो दोष त्या बनावटीचा होता, शांततेचा नव्हे. पुरेशा आकारमानाचा आणि योग्य व्यासाचा मफलर वायूला फारसा न अडवता लाटा शमवू शकतो. वायूचा प्रवाह आणि दाबाची लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नदी वाहू द्यायची आणि लाटा मोडायच्या, हे बंदराच्या धक्क्याला जमते तसे मफलरलाही जमते. उलट नळी अवाजवी रुंद केली तर वायूचा वेग मंदावतो. एका लाटेमागे जो कमी दाब तयार होऊन पुढच्या सिलिंडरमधला धूर ओढून घेतो, त्याचा लाभ मग कमी होतो.

८/
शांततेच्या या अभियांत्रिकीला एका विचित्र घराण्याचा हातभार लागला. मशीनगनचा जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम आयुष्यभर आपल्याच तोफांच्या आवाजात वावरला आणि उतारवयात बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने बंदुकीचा सायलेन्सर तयार केला; १९०९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. गोळीमागून सुटणारा वायू आणि झडपेतून सुटणारा धूर यांचा प्रश्न एकाच जातीचा आहे: कोंडलेला दाब एकदम सोडायचा की हळूहळू. त्याची कंपनी पुढे इंजिने आणि कारखान्यांतील यंत्रे यांच्या सायलेन्सरकडे वळली. बापाने आवाज वाढवला, मुलाने तो उतरवण्याचा धंदा केला.

९/
दरम्यान, ऐकणाऱ्यांनीही तोंड उघडले होते. न्यूयॉर्कमध्ये ज्युलिया बार्नेट राइस या बाईंनी हडसन नदीवरील बोटींच्या रात्रंदिवस चालणाऱ्या शिट्ट्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि १९०६ मध्ये अनावश्यक गोंगाट रोखण्यासाठी संस्था स्थापन केली. ‘अनावश्यक’ हा शब्द महत्त्वाचा. कारखाना बंद करा, बोट थांबवा, असे कोणी म्हणत नव्हते. कामासाठी जितका लागतो त्याहून जास्त आवाज का, एवढाच सवाल होता. पुढच्या शतकभर ट्रकविषयीचा प्रत्येक वाद याच एका शब्दाभोवती फिरत राहिला.

१०/
तक्रारीला तोपर्यंत माप नव्हते. ‘फार आवाज होतो’ हे न्यायालयात कसे सिद्ध करणार? ती उणीव दूरध्वनी उद्योगाने भरून काढली. तारांमधून जाताना संदेश किती क्षीण होतो हे मोजण्यासाठी बेल प्रयोगशाळेने १९२० च्या दशकात जे एकक घडवले, त्याला १९२८ च्या सुमारास डेसिबेल हे नाव मिळाले. हे माप पायरीपायरीने वाढत नाही, पटीने वाढते: १० डेसिबेल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणून ‘पाचसहा डेसिबेलने काय होते?’ हा प्रश्न गैरसमजातून येतो. पाच डेसिबेल म्हणजे तिप्पट ऊर्जा.

११/
१९२९ मध्ये न्यूयॉर्क शहराने गोंगाट निवारण आयोग नेमला. नागरिकांना प्रश्नावली देण्यात आली, सुमारे ११,००० तक्रारी आल्या आणि त्यांत मालवाहू ट्रक अग्रभागी होते. कटआउटचाही स्वतंत्र उल्लेख होता. बंदी असूनही तो रस्त्यावर ऐकू येतच होता. शहरभर फिरून डेसिबेल मोजण्यासाठी आयोगाने उपकरणांनी सज्ज अशी फिरती प्रयोगशाळा वापरली. ती होती एका ट्रकवर! १९३० मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. मग मंदीने शहराला घेरले आणि शांतता हा पोटापाण्यानंतरचा विषय ठरला. मात्र एक गोष्ट कायमची बदलली होती. आवाज आता कुरकुरीचा विषय उरला नव्हता, तो आकड्यात मांडता येत होता.

१२/
१९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्या सोलून, हलक्या करून मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत वेग आजमावू लागले. तिथे मफलरची गरज नव्हती; पण घरी परतताना ती होती. म्हणून बाजूने नळ्या काढून त्यांच्या तोंडावर झाकणे बसवली जात. तळ्यावर झाकण काढायचे, शहरात लावायचे. कटआउटचाच हा नवा अवतार. यातूनच ‘हॉट रॉड’ संस्कृती उभी राहिली आणि १९४८ च्या जानेवारीत तिचे स्वतःचे मासिकही निघाले.

१३/
याच जगात दुसरा थर घडला. सरळ, सच्छिद्र नळी, भोवती पोलादी लोकर, बाहेर डबा. १९३० च्या दशकात अमेरिकेत काचतंतूंचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले आणि पोलादी लोकरीच्या जागी काचेची लोकर आली. हाच ‘ग्लासपॅक’. वायू सरळ निघून जातो, वरचे कर्कश सूर लोकरीत जिरतात, खालची खोल गुरगुर शिल्लक राहते. स्वस्त, लहान, बसवायला सोपा. पण त्याला एक खोड आहे: उष्णतेने आणि वायूच्या माऱ्याने लोकर झिजून उडून जाते आणि मफलर वर्षागणिक अधिक मोठ्याने बोलू लागतो. आज बसवताना जो आवाज पसंत केला तो पाच वर्षांनी राहत नाही.

१४/
१९५५ मध्ये शेव्हरोलेने आपले लहान व्ही-८ इंजिन मोटारींबरोबर पिकअप ट्रकमध्येही दिले. शेतावरचे आणि बांधकामावरचे वाहन आता तरुणांच्या हौसेचेही झाले. दोन बाजूंना दोन नळ्या, म्हणजे ‘ड्युअल एक्झॉस्ट’, ही प्रतिष्ठेची खूण बनली. अमेरिकन व्ही-८ च्या रचनेत एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत. दोन्ही बाजूंच्या नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या की तो विषम ताल उघडा पडतो. तीच ती प्रसिद्ध लडखडती गुरगुर. मध्ये आडवी नळी टाकून दोन्ही बाजू जोडल्या की दाब समान होतो आणि आवाज सौम्य होतो. एका तुकड्याच्या नळीचा प्रश्न. पण ती न टाकण्यामागे एक अख्खी हौस उभी होती.

१५/
त्या दशकात शांततेचाही बाजार भरला, तो गंजामुळे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. छोट्या फेऱ्यांत मफलर नीट तापत नाही, वाफ आतच थिजते, ज्वलनातून आलेल्या आम्लांशी मिसळते आणि पत्रा आतून कुरतडला जातो. मफलर फुटत आणि लोक तसेच गाडी चालवत. १९५६ मध्ये जॉर्जिया राज्यातील मेकन शहरात मायडस कंपनीचे पहिले दुकान उघडले. गाडी तुमच्याकडे असेपर्यंत मफलरची हमी, हे तिचे ब्रीद. रस्त्यावरचा बराच गोंगाट हौशीचा नसून निव्वळ फुटक्या डब्यांचा होता. जुन्या ट्रकच्या मालकाने नवा मफलर निवडण्याआधी जुन्या सांध्यांची गळती पाहावी, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

१६/
आणि मग १९६२ मध्ये एक उद्‌बोधक गोष्ट घडली. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर गाडीचा टर्बोचार्जर असलेला नमुना आला. त्याला वायू मोकळा सोडणारा, तरीही शांत मफलर हवा होता, आणि कंपनीने तो बनवला. हॉट रॉडवाल्यांनी तो उचलून आपल्या गाड्यांना लावला. ताकद गेली नाही, आवाज मात्र माणसात आला. ‘टर्बो मफलर’ हे नाव तिथून रूढ झाले आणि आजही ते दुकानात टिकून आहे, ट्रकला टर्बो असो वा नसो. शांततेची किंमत ताकदीत मोजावी लागते, ही समजूत खुद्द वेगवेड्यांच्याच हातून खोटी ठरली. तरीही ग्लासपॅकचा खप थांबला नाही. त्याचे कारण यंत्रशास्त्रात सापडणार नाही.

१७/
आता पुन्हा कोलंबस. १९१९ मध्ये याच शहरात क्लेसी कमिन्स याच्या नावाने डिझेल इंजिनांची कंपनी सुरू झाली. १९३१ मध्ये तो स्वतः डिझेल ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला. कॅलिफोर्नियातील कहोन घाट उतरताना ब्रेक निकामी झाले. पायथ्याशी रेल्वेफाटकावरून मालगाडी चालली होती. थोडक्यात जीव वाचला. त्या आठवणीतून, निवृत्तीनंतर, त्याने इंजिनालाच ब्रेक बनवणारी यंत्रणा शोधली: दाबलेली हवा ऐन वेळी एक्झॉस्टमध्ये सोडून द्यायची, म्हणजे इंजिन गाडीला ढकलण्याऐवजी मागे ओढते. १९६१ मध्ये जेकब्ज कंपनीने ती बाजारात आणली. तिला ट्रकचालक ‘जेक ब्रेक’ म्हणतात.

१८/
जेक ब्रेकने घाटांत अगणित जीव वाचवले असतील. पण दाबलेली हवा अशी सोडली की मशीनगनसारखा तडतडाट होतो. वस्त्यांच्या वेशीवर ‘इंजिन ब्रेक वापरू नये’ अशा पाट्या लागल्या. जीव की झोप, असा पेच उभा राहिल्यासारखे वाटते. वास्तविक कारखान्यातून आलेला मफलर शाबूत असेल, तर जेक ब्रेकचा आवाज सह्य असतो. कान फाटतात ते मफलर काढून सरळ उभ्या नळ्या बसवलेल्या ट्रकमुळे. म्हणजे भांडण ब्रेकशी नव्हतेच. मूठभर चालकांनी काढलेल्या मफलरची शिक्षा, पाटीच्या रूपाने, मफलर जपणाऱ्या चालकांनाही भोगावी लागली. आणि उतारावर तीच पाटी सुरक्षिततेच्या आड आली.

१९/
१९७२ मध्ये अमेरिकेने गोंगाट नियंत्रणाचा संघीय कायदा केला. १९७५ पासून राज्याराज्यांतून फिरणाऱ्या १०,००० पौंडांवरील, म्हणजे साधारण साडेचार टनांवरील ट्रकना १५ मीटरवर मर्यादा आली: कमी वेगाच्या रस्त्यांवर ८६ डेसिबेल, जास्त वेगाच्या रस्त्यांवर ९०. नव्या ट्रकसाठी आधी ८३ आणि १९८८ पासून ८० अशी पायरी ठरली. मात्र हा कायदा राबवणाऱ्या खात्याचा निधी १९८० च्या दशकाच्या आरंभीच बंद झाला. कायदा पुस्तकात राहिला, माणसे घरी गेली. साडेचार टनांखालचे पिकअप तर या ट्रक-मर्यादांच्या बाहेरच होते. त्यांचा हिशेब राज्यांकडे राहिला. कॅलिफोर्नियात कटआउट आणि वळसा-नळ्या निषिद्ध आहेत, आणि ६,००० पौंडांखालील मोटारी व ट्रकांच्या बदललेल्या एक्झॉस्टला ९५ डेसिबेलची मर्यादा आहे. १९७५ पर्यंतची वाहने तिथे धूर-तपासणीतून सुटतात. आवाजाच्या नियमातून सुटत नाहीत.

२०/
१९७५ हे वर्ष एक्झॉस्टच्या इतिहासात दुसऱ्याही कारणाने महत्त्वाचे. धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या वर्षीपासून नव्या मोटारींत आले. शिसेयुक्त पेट्रोल त्यांना विषासमान. हलक्या ट्रकनाही हा नियम होता, पण ६,००० पौंडांच्या आतल्याच. फोर्डने त्या रेषेच्या किंचित वर बसणारा एक नवा पिकअप काढला. त्याचे नाव एफ-१५०. अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या वाहनांपैकी एकाचा जन्म असा एक्झॉस्टच्या नियमातील फटीतून झाला! कन्व्हर्टर धुराबरोबर थोडा आवाजही गिळतो, म्हणून त्याआधीचे ट्रक मुळातच अधिक बोलके असतात.

२१/
तर आता १९७२ च्या त्या ट्रकचा मालक काय निवडेल? केबिन म्हणजे पातळ पत्रा, अस्तर नाममात्र. नळी मालाच्या हौद्याखालीच संपवली तर वरचा पत्रा ढोलासारखा वाजतो, शिवाय कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरण्याचा धोका. म्हणून ती मागच्या बंपरपर्यंत न्यावी. कोठड्यांचा किंवा टर्बो जातीचा मोठा मफलर घ्यावा, दोन नळ्या असतील तर मध्ये जोड द्यावा. तरीही ठरावीक वेगाला डोके भणभणवणारा घुमारा उरला, तर त्या सुरापुरती बंद तोंडाची आडवी नळी जोडावी. आधीच्या उदाहरणातील १२० लाटांसाठी, वायू साधारण २०० अंश सेल्सिअस तापलेला धरला, तर तिची लांबी सुमारे ९० सेंटीमीटर येते. हेल्महोल्ट्झच्या घराण्यातलाच हा उपाय आहे, गॅरेजमध्ये वेल्डिंगने करता येणारा.

२२/
या सगळ्यात पहिला लाभार्थी शेजारी नाही, चालक स्वतः आहे. अमेरिकेत व्यावसायिक ट्रकच्या केबिनमध्ये ९० डेसिबेलची कमाल मर्यादा आहे. तर कामाच्या आठ तासांसाठी ८५ हीच सुरक्षित सीमा मानावी, अशी तिथल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. त्यापुढे दर तीन डेसिबेलला सुरक्षित वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. ऐकू येणे एकदम जात नाही, वरच्या सुरांपासून हळूहळू जाते, आणि गेलेले परत येत नाही. थोरल्या मॅक्सिमला आवाज ही ताकद वाटली असेल. अखेर त्याच्या वाट्याला काय आले ते आपण पाहिलेच.

२३/
कोलंबसचा धागा पुण्यापर्यंतही येतो. १९६२ मध्ये किर्लोस्कर आणि कमिन्स यांच्या सहकार्यातून पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी सुरू झाली. भारतात २००५ पासून बनलेल्या, १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला कवचापासून एक मीटरवर ७५ डेसिबेलची मर्यादा आहे. जनरेटर जागचा हलत नाही, त्याला जाड कवच परवडते, हे मान्य. पण डिझेल इंजिन स्वभावतःच गोंगाटी, त्याला इलाज नाही, हे म्हणणे त्या आकड्यापुढे टिकत नाही. रस्त्यासाठीही आपल्याकडे नियम आहे: १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो. तरीही फटफट्यांचे बदललेले सायलेन्सर रस्त्यावर अंथरून त्यांवर रोड रोलर फिरवण्याची वेळ महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतील पोलिसांवर आली.

२४/
कोलंबस शहरात १८९७ मध्ये मफलरचे पेटंट घेतले गेले. त्याच शहरातल्या माणसाने जेक ब्रेक शोधला. आणि मोटारींचे एक्झॉस्ट व मफलर मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या आर्विन इंडस्ट्रीज या कंपनीचे मुख्यालयही तिथेच होते. प्रश्न आणि उत्तर सव्वाशे वर्षे एकाच गावात शेजारी शेजारी नांदले. उत्तर कधीच दूर नव्हते. ते स्वीकारायचे की नाही, हे मात्र दर पिढीला नव्याने ठरवावे लागले, कारण आवाज करणाऱ्याला त्यात स्वतःची ताकद ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्याची. आपल्याकडे मिरवणुकीत ‘आवाज कुणाचा?’ असे विचारले की उत्तर आरोळीतच येते. रात्री दोन वाजता खिडकीखालून जाणारा ट्रक तोच प्रश्न विचारतो. तिथे उत्तर द्यायचे असते ते ट्रकच्या मालकाने, गॅरेजमध्ये, मफलर निवडताना. (समाप्त)